न्हाणीत पाय का घसरतो?

पाय घसरला की आपण फरशीला दोष देतो. पण अमरावती-अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यात, दर्यापूर, अकोट, तेल्हाऱ्याच्या बाजूला, मुख्य दोष पाण्याचा. जड, खाऱ्या पाण्यात साबण नीट फेसाळत नाही, म्हणून आपण आणखी चोळतो. तो साबण पाण्यातल्या क्षारांशी मिळून फरशीवर चिकट थर धरतो. पाणी पडलं की झालंच!

मग बऱ्याच जणी ॲसिड ओततात. मैत्रिणींनो, शहाबादी फरशीवर मुळीच नको! हा दगड चुनखडीचा, ॲसिड त्याला खातं. त्यात ब्लीचिंग पावडर तर चुकूनही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. त्यापेक्षा कपड्यांच्या डिटर्जंट पावडरचं गरम पाणी दहा मिनिटं राहू द्यावं, ताठ ब्रशने घासून भरपूर पाण्याने धुवावं. डिटर्जंटचा साबणासारखा थर बसत नाही.

तरीही शहाबादी गुळगुळीतच राहिली, तर पाट्याला लावतात तशी टाकी लावून घ्यावी. नव्या घरात चकचकीत टाइल्स बैठकीत शोभतात. न्हाणीत मात्र खरखरीतच घ्या, दुकानदार काहीही म्हणो.

चाळिशी-पन्नाशीनंतर बाईची हाडं ठिसूळ होत जातात. म्हातारपणी खुब्याचं हाड मोडलं तर कित्येकींचं चालणं पूर्ववत होतच नाही. म्हणून सासूबाईंसाठी भिंतीत पक्का स्टीलचा दांडा बसवा. टॉवेलचा दांडा अंगाचा भार पेलत नाही. आणि हो, दाराबाहेरचं ते जुन्या साडीचं पायपुसणं आधी काढा, फरशीआधी तेच सरकतं!