निकालाच्या दिवसाची रंगीत तालीम



ता. १६ जुलै २०२१ रोजीं दुपारीं एक वाजतां आपल्या राज्यांतील शालान्त परीक्षेचा, म्हणजे दहावीचा, निकाल संकेतस्थळावर लागावयाचा होता. कोरोनाच्या सांथीमुळें त्या वर्षीं लेखी परीक्षा झालीच नव्हती. शाळांनीं केलेल्या मूल्यमापनावरून गुण मिळावयाचे होते, व म्हणून उत्कंठाही अधिक होती. विद्यार्थी सुमारें पावणेसोळा लाख. एकाचा ठोका पडला आणि संकेतस्थळ जें बंद पडलें, तें कित्येक तास धड उघडलें नाहीं. निकाल ९९.९५ टक्के लागला होता. परंतु ज्याचा त्याला तो दिसेना!

अशी आपत्ति आधीं ओळखतां येते काय? येते. नवा उड्डाणपूल खुला करण्यापूर्वीं त्यावर भरलेले ट्रक उभे करून तो किती लवतो हें इंजिनियर मोजतात. संकेतस्थळाचीही तशीच परीक्षा घेणारें सॉफ्टवेअर असतें. या परीक्षेस भारचाचणी म्हणतात. जेमीटर हें त्यांतील जुनें व विनामूल्य साधन १९९८ पासून प्रचारांत आहे. तें हजारों कल्पित विद्यार्थी निर्माण करतें. प्रत्येकजण संकेतस्थळ उघडतो, बैठकक्रमांक भरतो, आईचें नांव लिहितो आणि निकाल मागतो. उत्तर येण्यास किती वेळ लागला, किती जणांस उत्तर आलेंच नाहीं, याची नोंद सॉफ्टवेअर ठेवतें. प्रथम शंभर, मग पांचशें, मग हजार अशी गर्दी वाढवीत गेलें कीं एका टप्प्यापर्यंत उत्तरें झटपट येतात, आणि त्यापुढें वेळ एकाएकीं चढूं लागतो. तो टप्पा शोधणें हेंच मुख्य काम.

आतां थोडें गणित करूं. जुन्या मास्तराला तें सोडवत नाहीं. पावणेसोळा लाख विद्यार्थी एका तासांत सारखे विभागून आले, तर दर सेकंदास सुमारें ४३८ जण होतात. तेच पहिल्या पांच मिनिटांत आले, तर दर सेकंदास ५,२५० होतात. एकूण संख्या तीच. भार मात्र बारापट. घाटकोपर स्थानकावर मेट्रोचे व लोकलचे उतारू एकाच क्षणीं एका जिन्याशीं येतात, तेव्हां दिवसभराची सरासरी घेऊन काय करावयाचें? म्हणून ‘आमचें संकेतस्थळ दिवसाला वीस लाख लोक सोसतें’ या वाक्यास मी फारसें महत्त्व देत नाहीं.

दुसरी गोष्ट. जॉन लिटल या गणितज्ञानें १९६१ साली एका साध्या नियमाची सिद्धता प्रसिद्ध केली. दर सेकंदास येणारे लोक गुणिलें प्रत्येकाचा आंत जाणारा वेळ, म्हणजे एका वेळीं आंत असलेले लोक. दर सेकंदास ४०० जण येत असतील व प्रत्येकास २ सेकंद लागत असतील, तर आंत ८०० जण असतात. कांहीं कारणानें वेळ १० सेकंद झाला, तर तेच ४,००० होतात. प्रत्येकजण सर्व्हरची थोडी स्मृति अडवून बसतो. त्यामुळें सर्व्हर आणखी मंदावतो आणि आंतली गर्दी आणखी वाढते. त्यांत अधीर विद्यार्थी पान पुनःपुन्हा उघडूं पाहतो, म्हणजे एकाचे चार होतात. संकेतस्थळ हळूहळू न थकतां एकदम कां कोसळतें, याचा उलगडा येथें होतो.

येथेंच चाचणी घेणाराची फसगत होण्याचा संभव असतो. पुष्कळदां कल्पित विद्यार्थी एक उत्तर मिळाल्यावांचून दुसरा प्रश्न विचारीत नाहीं. सर्व्हर मंदावला कीं ही कल्पित गर्दीही सौजन्यानें मंदावते! खरीं मुलें इतकीं समंजस नसतात. आधींच्यांस उत्तर मिळो न मिळो, नवीं येतच राहतात. म्हणून एकूण माणसें किती हें न सांगतां दर सेकंदास किती यावींत हें सांगावें लागतें. गॅटलिंगसारख्या साधनांत तशी सोय आहे. शिवाय सर्वांनीं एकच बैठकक्रमांक विचारला, तर सर्व्हर एकदां काढलेलें उत्तर तोंडपाठ म्हणून दाखवितो व पहिल्या वर्गांत उत्तीर्ण होतो. हजारों निरनिराळे क्रमांक देऊन विचारावें, मग त्याचा खरा अभ्यास कळतो.

चाचणीचा अहवाल वाचतांनाही डोळे उघडे ठेवावे लागतात. शंभरांपैकीं ९५ जणांस १ सेकंदांत उत्तर मिळालें व पांच जणांस ४० सेकंद लागले, तर सरासरी जेमतेम ३ सेकंद येते. अहवालांत ती शोभून दिसते. पण त्या पांच जणांचें काय? पावणेसोळा लाखांत असे शेंकडा पांच म्हणजे जवळजवळ ७९,००० विद्यार्थी होतात. सीईटीमुळें पर्सेंटाइल हा शब्द आतां घरोघर ठाऊक आहे. तोच येथें वापरावा. शंभरांत ९९ जणांस किती वेळाच्या आंत उत्तर मिळालें, हें विचारावें.

ही चाचणी स्वतःच्या संकेतस्थळावर, शक्य तर त्याच्या वेगळ्या प्रतीवर घ्यावी. परवानगीवांचून दुसऱ्याच्या संकेतस्थळावर अशी गर्दी सोडणें आणि त्यावर हल्ला करणें यांत त्या सर्व्हरच्या दृष्टीनें भेद नाहीं. घरांतील उत्साही मुलांस हें अवश्य सांगावें.

चाचणींत दोष आढळला म्हणजे नुसतें यंत्र मोठें घेणें हा एकच उपाय नव्हे. निकाल जाहीर झाल्यावर दर मिनिटास बदलत नसतो. मग प्रत्येकासाठीं कोठारांत नव्यानें शोध कां घ्यावा? पानें आदल्या रात्रींच तयार करून अनेक सर्व्हरांवर ठेवतां येतात. तशी व्यवस्था केल्यावर मात्र तीच गर्दी, त्याच वेगानें, पुन्हा सोडून पाहिली पाहिजे; आणि तीही निकालाच्या आदल्या दिवशीं नव्हे, दुरुस्तीस वाव राहील इतके आठवडे आधीं.