मन्ददसक ते सयनदसक : मानवी आयुष्याच्या अवस्था आणि पालि वाङ्मय

महाविद्यालयात मानसशास्त्र हा विषय घेणाऱ्या विद्यार्थ्यास 'मानवी विकास' हे प्रकरण, पुष्कळ ठिकाणी तर संपूर्ण अभ्यासपत्रिकाच, अभ्यासावी लागते. गर्भावस्थेपासून वार्धक्यापर्यंत माणसाचे शरीर, बुद्धी, भावना व सामाजिक संबंध कसकसे बदलत जातात याचे विवेचन त्यात असते. वळसंग (ता. दक्षिण सोलापूर) येथून अक्कलकोट रस्त्याने रोज सोलापूरला शिकावयास जाणाऱ्या, उपासक कुटुंबांतील काही विद्यार्थिनींनी या संदर्भात आमच्याकडे एक प्रश्न मांडला. त्यांच्या टिपणांत पाश्चात्त्य उपपत्ती झाल्यावर 'भारतीय दृष्टिकोन' असा मथळा आहे व त्याखाली ब्रह्मचर्य, गृहस्थ, वानप्रस्थ व संन्यास हे चार आश्रम दिले आहेत. एवढाच भारतीय दृष्टिकोन आहे काय आणि बौद्ध वाङ्मयात आयुष्याच्या अवस्थांविषयी काहीच सांगितलेले नाही काय, असे त्यांनी विचारले. प्रश्न परीक्षेपुरता नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० नंतर 'भारतीय ज्ञानप्रणाली' या नावाने अभ्यासक्रमांत जे येत आहे त्यात कोणाचे ज्ञान भारतीय समजले जाते, हा त्यामागील खरा प्रश्न आहे.

प्रथम पाश्चात्त्य उपपत्तींचा थोडक्यात परामर्श घेऊ. आपल्याकडील महाविद्यालयांत दीर्घकाळ वापरल्या गेलेल्या एलिझाबेथ हरलॉक यांच्या ग्रंथात आयुष्याचे दहा कालखंड पाडले आहेत. त्यांपैकी सात कालखंड वयाच्या अठराव्या वर्षापर्यंतच संपतात. उरलेल्या सर्व आयुष्यासाठी प्रौढत्वाचा पूर्वकाळ, मध्यमवय व वार्धक्य असे तीनच राहतात. एरिक एरिक्सन यांनी १९५० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आठ अवस्था मांडल्या. प्रत्येक अवस्थेत एक पेच असतो. तान्ह्या मुलापुढे विश्वास की अविश्वास, शाळकरी मुलापुढे उद्यमशीलता की न्यूनता, कुमारवयात स्वतःची ओळख की भूमिकांचा गोंधळ, आणि वृद्धापुढे जगलेल्या आयुष्याचा स्वीकार की निराशा. पुढे पॉल बाल्टेस यांनी असे प्रतिपादन केले की, विकास हा तारुण्यात पूर्ण होऊन नंतर केवळ ऱ्हास होतो असे नसून आयुष्याच्या प्रत्येक टप्प्यावर काही मिळत असते व काही गमावले जात असते. आज 'जीवनव्यापी विकास' म्हणून जे शिकविले जाते त्याचा हा पाया होय.

आता आश्रमकल्पनेकडे वळू. सुधीर कक्कर यांनी १९६८ साली एका निबंधात एरिक्सनच्या अवस्थांची आश्रमव्यवस्थेशी तुलना केली, आणि तेव्हापासून ही जोडी पाठ्यपुस्तकांत रूढ होत गेली. तुलना करण्यास हरकत नाही. तथापि विद्यार्थ्यांना दोन गोष्टी सहसा सांगितल्या जात नाहीत. पहिली अशी की, प्राचीन धर्मसूत्रांत हे चार आश्रम एकापुढे एक येणाऱ्या अवस्था नव्हतेच. ते प्रौढ पुरुषाने निवडावयाचे चार पर्यायी जीवनमार्ग होते, असे पॅट्रिक ऑलिव्हेल यांनी १९९३ सालच्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले आहे. त्यांची क्रमवार पायरी नंतरच्या स्मृतींनी केली. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ब्रह्मचर्याश्रमाचे दार उपनयन हे आहे, आणि ते दार शूद्रास बंद होते. स्त्रीच्या बाबतीत मनुस्मृतीने विवाहालाच उपनयन ठरविले. म्हणजे ज्या चित्रात बहुसंख्य स्त्रीपुरुषांचे बालपणही नाही आणि वार्धक्यही नाही, त्याला 'भारतीयांच्या' जीवनविकासाचे चित्र म्हणावयाचे! माणूस कसा वाढतो याचे ते वर्णनच नव्हे. विशिष्ट वर्णातील पुरुषाने कसे वागावे याचा तो विधी आहे, आणि मानसशास्त्राच्या वर्गात विधी व वर्णन यांतील भेद तरी पाळला जावा, एवढीच आमची अपेक्षा आहे.

पालि वाङ्मयात अवस्थांचे वर्णन आहे, आणि ते कोणत्याही वर्णाला वा लिंगाला बांधलेले नाही. इसवी सनाच्या पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी अनुराधपुरच्या महाविहारात विसुद्धिमग्ग रचला. त्याच्या विसाव्या परिच्छेदात शंभर वर्षांचे आयुष्य प्रथम तीन वयांत विभागले आहे : पहिले ३३ वर्षांचे, मधले ३४ वर्षांचे व शेवटचे ३३ वर्षांचे. नंतर तेच आयुष्य दहा दशकांत विभागले आहे. पहिले मन्ददसक, कारण मूल तेव्हा कोवळे व चंचल असते. दुसरे खिड्डादसक, खेळण्याच्या आवडीचे. तिसऱ्या वण्णदसकात रूप पूर्णत्वास पोहोचते, चौथ्या बलदसकात बळ. पाचवे पञ्ञादसक, या दशकात प्रज्ञा स्थिरावते, इतकेच नव्हे तर स्वभावतः मंद असलेल्यालाही या वयात थोडी समज येते, असे आचार्य सांगतात. सहाव्या हानिदसकात खेळाची आवड, रूप, बळ व प्रज्ञा ही सर्वच उतरू लागतात. सातव्या पब्भारदसकात शरीर पुढे झुकते. आठव्या वङ्कदसकात ते नांगराच्या टोकासारखे वाकते. नवव्या मोमूहदसकात माणूस केलेले विसरतो. दहाव्या सयनदसकात बहुतेक काळ अंथरुणावर जातो.

हरलॉक यांचेही दहा आणि आचार्यांचेही दहा, हा योगायोग होय. त्यातून काही सिद्ध होत नाही. परंतु वाटणीतील फरक पाहण्यासारखा आहे. एकीकडे दहापैकी सात खाने अठरा वर्षांत भरतात, तर दुसरीकडे पन्नाशीनंतरच्या काळाला बरोबर अर्धी जागा मिळते. आधुनिक मानसशास्त्राचा उगम बालकाच्या व शाळेच्या अभ्यासातून झाला. स्टॅन्ली हॉल यांचा कुमारवयावरील ग्रंथ १९०४ चा, तर वार्धक्यावरील १९२२ चा, स्वतः ते वृद्ध झाल्यावरचा आहे. आचार्यांचा हेतू मुळातच निराळा होता. रूपाचे अनित्यत्व साधकाच्या ध्यानी यावे यासाठी ते आयुष्याचे तुकडे पाडतात. दशकांवरही ते थांबत नाहीत. शंभर वर्षांचे पाच-पाच, चार-चार, तीन-तीन, दोन-दोन वर्षांचे भाग, मग एक-एक वर्ष, मग ऋतू, पक्ष, दिवस व रात्र असे करीत ते चालताना टाकलेल्या एका पावलापर्यंत येतात आणि त्या पावलाचेही उचलण्यापासून दाबण्यापर्यंत सहा भाग करतात. एका भागातील रूप पुढच्या भागापर्यंत पोहोचत नाही, हे त्यांना दाखवावयाचे आहे. म्हणून 'एरिक्सनच्या आधी दीड हजार वर्षे आमच्याकडे विकासाचे मानसशास्त्र होते' असली विधाने आपण करू नयेत. ज्या वृत्तीने पुराणांत विमाने शोधली जातात, तिचे अनुकरण बौद्धांनी करण्याचे कारण नाही. विसुद्धिमग्गात निरीक्षण आहे, आणि ते सूक्ष्म आहे. प्रयोग, मोजमाप व तुलना नाही.

विसुद्धिमग्गाचा हा भाग मुळातून वाचू इच्छिणाऱ्यांस धर्मानंद कोसंबी यांनी सिद्ध केलेली, भारतीय विद्या भवनाने १९४० साली प्रसिद्ध केलेली देवनागरी आवृत्ती उपयोगी पडेल. गोव्याच्या एका खेड्यातून निघून सिंहलद्वीपात पालि शिकून आलेल्या या मराठी पंडिताने हा ग्रंथ आपल्या लिपीत आणून ठेवला आहे. आपल्या किती विहारांच्या कपाटांत तो आहे, याचा शोध ज्याने त्याने घ्यावा.

बालपणाविषयी मात्र अट्ठकथांपेक्षा मूळ सुत्ते व विनय अधिक बोलके आहेत. संयुत्तनिकायातील इन्दकसुत्तात गर्भाची वाढ कलल, अब्बुद, पेसि, घन व पसाखा अशा क्रमाने सांगितली आहे. मज्झिमनिकायातील महातण्हासङ्खयसुत्तात जन्मानंतर मूल कोणत्या खेळण्यांनी खेळते त्यांची नावेच दिली आहेत : लहानसा नांगर, विटीदांडू, कोलांट्या, पानांचे भिरभिरे, मापे, गाडी व धनुष्य. वळसंगच्या शिवारात यांतील निम्मी खेळणी ओळखू न येणारा वृद्ध विरळाच. मुख्य म्हणजे हे खेळ तेथे उगाच आलेले नाहीत. इंद्रिये परिपक्व होत जातात तसतसे मूल खेळाकडून विषयांकडे वळते, असा क्रम त्या सुत्तात आहे.

विनयातील महावग्गात तर बालकाच्या क्षमतेचा प्रश्न प्रत्यक्ष व्यवहारात उभा राहिला. राजगृहातील उपालि नावाच्या मुलाचे आईबाप विचार करतात की, हा लेखन शिकला तर बोटे दुखतील, गणना शिकला तर छाती दुखेल, नाण्यांची पारख शिकला तर डोळे दुखतील. त्यापेक्षा हा भिक्षु झालेला बरा. त्याच्यासह सतरा मुलांना भिक्षूंनी उपसंपदा दिली. पहाटेच्या आधीच मुले उठली आणि पेज द्या, भात द्या म्हणून रडू लागली. भगवंतांनी तो आवाज ऐकला व चौकशी करून नियम केला की, वीस वर्षांखालील व्यक्तीस उपसंपदा देऊ नये, कारण थंडी, ऊन, भूक, तहान व कठोर शब्द सोसण्याची शक्ती त्या वयात नसते. हे वय गर्भधारणेपासून मोजण्याची मुभाही पुढे देण्यात आली. पब्बज्जेसाठी पंधरा वर्षांची मर्यादा ठरली. परंतु साथीच्या रोगाने कुटुंब नष्ट होऊन दोनच मुले उरली, तेव्हा आनंदांनी त्यांच्याविषयी विचारले. त्यावर भगवंतांनी प्रतिप्रश्न केला की, ती कावळे हाकलू शकतात काय? शकत असतील तर पंधराच्या आतही चालेल. वयाचा आकडा ही सोय असून खरी कसोटी क्षमतेची आहे, हे येथे जितके स्पष्ट दिसते तितके पुष्कळ पाठ्यपुस्तकांतील कोष्टकांत दिसत नाही.

राहुलाला झालेला उपदेशही याच दृष्टीने वाचावा. अट्ठकथेनुसार अम्बलट्ठिकराहुलोवादसुत्त तो सात वर्षांचा असताना सांगितले गेले. त्यात भांड्यात उरलेले थोडेसे पाणी आणि आरसा ही साधने आहेत, व विषय आहे खोटे न बोलणे. महाराहुलोवाद अठराव्या वर्षीचा; त्यात पृथ्वी-आपादी धातूंची व आनापानसतीची भावना आहे. चूळराहुलोवाद उपसंपदेनंतरचा, अनात्मविषयक. मूर्ताकडून अमूर्ताकडे जाणारी ही चढण पियाजे यांच्या विद्यार्थ्यास परिचित वाटेल.

आता एरिक्सनच्या चौथ्या अवस्थेविषयी, कारण आमच्या मते वळसंगच्या विद्यार्थिनींच्या प्रश्नाचे मर्म येथे आहे. सहा ते बारा वर्षांच्या मुलात उद्यमशीलता निर्माण झाली नाही तर न्यूनतेची भावना बळावते, एवढे वाक्य टिपणांत असते. न्यूनता कोण निर्माण करतो हे नसते. साताऱ्याच्या शाळेत भीमराव नावाचा मुलगा घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळा बसत असे, आणि शिपाई हजर नसेल तर त्यास पाणी मिळत नसे. तो याच अवस्थेतील मुलगा होता. त्याच्या उद्यमशीलतेत काही उणे नव्हते. १९३७ साली तोच मुलगा बॅरिस्टर डॉ. आंबेडकर म्हणून वळसंगला आला व अस्पृश्यांनी खोदलेल्या विहिरीचे पाणी त्याने शेंदले, तेव्हा त्या विहिरीभोवती उभ्या असलेल्या मुलांच्या विकासात काय घडले असेल, हा मानसशास्त्राचाच प्रश्न आहे. अमेरिकेत केनेथ व मेमी क्लार्क या दांपत्याने १९४० च्या दशकात कृष्णवर्णीय बालकांपुढे गोऱ्या व काळ्या बाहुल्या ठेवून, विषमतेने मुलाच्या स्वतःविषयीच्या कल्पनेवर काय परिणाम होतो हे दाखविले, आणि १९५४ साली शाळांतील वर्णविभाजन रद्द करणाऱ्या निकालात तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या कामाचा आधार घेतला. एरिक्सन यांनाही याची जाणीव होती. मूळ ग्रंथात त्यांनी सू जमातीच्या मुलांविषयी विस्ताराने लिहिले आहे. कोष्टक तयार करताना ती प्रकरणे गळतात. मूळ ग्रंथ वाचल्यावाचून एरिक्सनवर राग धरणे हेही न्याय्य नाही.

वार्धक्याच्या बाबतीत पालि वाङ्मय एकसुरी नाही, हे शेवटी सांगितले पाहिजे. पन्नाशीनंतर प्रज्ञेची हानी होते असे दशकांचे वर्णन सांगते. परंतु मज्झिमनिकायातील महासीहनादसुत्तात, माणूस तरुण असेतोवरच त्याची प्रज्ञा तल्लख असते व ऐंशी-नव्वदीत ती ओसरते, हे काही श्रमण-ब्राह्मणांचे मत भगवंत नाकारतात. आपण ऐंशी वर्षांचे झालो आहोत व मंचकावरून वाहून न्यावे लागले तरी आपल्या प्रज्ञेत फरक पडणार नाही, असे ते म्हणतात. हे विधान तथागताविषयीचे आहे, सर्वसामान्यांविषयीचे नव्हे, हे खरे. तरीही ऱ्हास अटळ आहे हा नियम म्हणून त्यांनी मान्य केला नाही. शरीराविषयी त्यांना भ्रम नव्हता. महापरिनिब्बानसुत्तात ते आपल्या देहास बांधून-ठोकून चालविलेल्या जुन्या गाडीची उपमा देतात. वॉर्नर शाई यांनी १९५६ साली (धम्मदीक्षेचेच ते वर्ष) सिएटल येथे सुरू केलेल्या दीर्घकालीन अभ्यासातून असे दिसले की, आकलनाचा वेग लवकर मंदावू लागतो, पण शब्दज्ञानासारख्या क्षमता मध्यमवयात टिकतात व वाढतातही. आणि व्यक्तीव्यक्तींत फार मोठा फरक असतो. हानिदसक सर्वांना एकाच वर्षी लागत नाही.

थेरीगाथेतील सोणा ही दहा मुलांची आई. म्हातारपणी तिने संघात प्रवेश केला आणि अर्हत्पद मिळविले. आश्रमांच्या चौकटीत तिला वार्धक्याची अवस्थाच नव्हती. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्म स्वीकारला तेव्हा ते पासष्ट वर्षांचे होते. आचार्यांच्या गणनेने पब्भारदसकाच्या मध्यावर. 'भारतीय दृष्टिकोन' या मथळ्याखाली विद्यार्थिनींनी आश्रमांसोबत दहा दशके, विनयातील वयाचे नियम व महासीहनादसुत्ताचा हा मुद्दा अवश्य लिहावा, ग्रंथाचे व परिच्छेदाचे नाव देऊन लिहावा. परीक्षकास ते अपरिचित असण्याची शक्यता आहे. म्हणून पालि संज्ञा शुद्ध लिहिणे आवश्यक. 'पञ्ञादसक' हा शब्द 'प्रज्ञादशक' असा संस्कृतात लिहिला तरी चालेल, पण 'पन्नास दशक' असा एका वहीत आमच्या पाहण्यात आला, तसा मात्र लिहू नये.