ठिपक्याला आकार देणाऱ्या दुर्बिणी

नवरात्रात रायपूरमध्ये संध्याकाळी साडेसातच्या सुमारास वर पाहिलं, की माथ्यापासून किंचित दक्षिणेला श्रवण तारा दिसतो. जेमतेम १७ प्रकाशवर्षांवरचा हा शेजारी, तरी दुर्बिणीतूनही ठिपकाच. २००७ मध्ये मात्र त्याच्या पृष्ठभागाचं चित्र प्रसिद्ध झालं. सूर्य सोडला, तर गाभ्यात हायड्रोजन जाळत स्थिरपणे तेवणाऱ्या ताऱ्याचं ते पहिलंच चित्र. श्रवण गोल निघाला नाही! दहा तासांहूनही कमी वेळात स्वतःभोवती गिरकी घेत असल्याने तो विषुववृत्तावर फुगलेला आहे, आणि तिथेच ध्रुवांपेक्षा थंड व मंद.

हे चित्र कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनवरच्या ‘चारा’ दुर्बीणमालिकेचं. तिच्या सहा दुर्बिणींचे आरसे फक्त १ मीटरचे, पण त्या एकमेकींपासून ३३० मीटरपर्यंत लांब आहेत. त्यांचा प्रकाश एकत्र आणला, की जणू तेवढ्याच रुंदीच्या आरशाचा बारकावा हाती येतो.

नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण याच तत्त्वावर चालते. पण तिच्या ३० अँटेनांवर आलेल्या रेडिओ लहरींचा विद्युतसंदेश होतो. तो वाढवता येतो, त्याच्या प्रती काढता येतात, मेळ संगणकात बसवता येतो. ताऱ्याचा प्रकाश असा वाढवायला गेलं, तर मूळ संदेश गोंगाटात बुडतो. म्हणून ‘चारा’मध्ये खुद्द प्रकाशच निर्वात नळ्यांतून एका खोलीत आणावा लागतो. पृथ्वी फिरत असते, तसे रुळांवरचे आरसे सरकवत प्रत्येक वाटेची लांबी मायक्रोमीटरच्या हिशेबात जुळवावी लागते. मला या साऱ्यात सर्वांत विलक्षण वाटतं ते हेच.

वाटेतला प्रत्येक आरसा थोडा प्रकाश गिळतो. त्यामुळे अलीकडच्या सुधारणांचा बराचसा रोख हाती आलेला प्रकाश वाया न जाऊ देण्यावर आहे. दुर्बिणींवर बसवलेली अ‍ॅडाप्टिव्ह ऑप्टिक्स यंत्रणा हवेच्या थरथरीने विस्कटलेला प्रकाश लवचिक आरशाने सावरते. नवे वेगवान डिटेक्टर आणखी मंद तारे पकडतात. श्रवणाच्या चित्रासाठी एका वेळी चार दुर्बिणी, म्हणजे ६ जोड्या जुळल्या होत्या. आता सहा दुर्बिणी एकदम जुळून १५ जोड्या मिळतात, आणि प्रत्येक जोडी चित्राचा वेगळा अंश देते. सातवी, हलवता येणारी दुर्बीण ऑप्टिकल फायबरने जोडायची आहे. मग जोड्या २१ होतील.

ताऱ्यांची अशी चित्रं काढणारी प्रकाशीय मालिका भारतात नाही. ‘चारा’वरचा काही निरीक्षणकाळ मात्र बाहेरच्या संशोधकांनाही प्रस्ताव पाठवून मिळतो. रायपूरच्या पं. रविशंकर शुक्ल विद्यापीठात खगोलभौतिकी शिकवली जाते. तिथल्या मुलामुलींनी जीएमआरटीच्या नोंदींवर हात बसवावा आणि असा प्रस्ताव लिहावा, असं मनापासून वाटतं. दोन्हीकडचं व्यतिकरणाचं, म्हणजे लहरींचा मेळ बसवण्याचं, गणित एकच आहे.