पेन्सविकचे पाथरवट

इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरशर परगण्यातल्या पेन्सविक गावाची ओळख म्हणजे सेंट मेरीच्या चर्चचा उंच सुळका. लोक तो पाहायला येतात. पण इथली खरी कारागिरी चर्चच्या भिंतीबाहेर, दफनभूमीत आहे असे माझे ठाम मत आहे.

चर्चचा सर्वांत जुना भाग चौदाव्या शतकातला, तर मुख्य दालन आणि मनोरा पंधराव्या शतकातले. इंग्रजी गॉथिक शैलीच्या या अखेरच्या पर्वात खिडक्या रुंद झाल्या, त्यांत दगडाच्या उभ्या पट्ट्या आल्या आणि दालनांत भरपूर उजेड येऊ लागला. मनोऱ्यावरचा सुळका 1632 सालचा. त्याचे टोक जमिनीपासून 174 फुटांवर आहे. 1644 साली, राजा आणि पार्लमेंट यांच्यातल्या यादवीत, इथे चकमक झाली. तिचे वण मनोऱ्याच्या दगडावर अजून दिसतात. 1883 साली वीज पडून सुळक्याचा वरचा भाग कोसळला आणि त्याचे दगड छत फोडून आत पडले. सुळका पुन्हा बांधला गेला.

बाहेर आले की काळ बदलतो. सतराव्या-अठराव्या शतकांत हा सगळा मुलूख लोकरी कापडावर गबर झाला होता. जवळच्या स्ट्राउड खोऱ्यातली लाल बनात इंग्रज शिपायांच्या डगल्यांसाठी जाई आणि ईस्ट इंडिया कंपनीही ती विकत घेई. त्या कापडवाल्यांनी आपला पैसा थडग्यांत ओतला.

थडगे म्हणजे इथे जमिनीवर टेकवलेली शिळा नव्हे, ती छोटी इमारतच. खाली चौथरा, त्यावर दगडी पेटी, कोपऱ्यांना वळणदार कंगोरे, बाजूंना फुलापानांच्या माळा आणि पंख फुटलेली बालमुखे, माथ्यावर जाड शिळेचे झाकण. गॉथिकची टोकदार कमान इथे शोधूनही सापडत नाही. हे सारे घडवताना पाथरवटांची नजर रोमन वळणाकडे होती. चर्चच्या सावलीत राहूनही त्यांनी त्याची नक्कल केली नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

हे काम इतके नाजूक उतरले त्याचे श्रेय दगडालाही आहे. हा चुनखडीचा दगड खसखशीएवढ्या गोल कणांचा बनलेला असतो. खाणीतून नुकता काढलेला असताना तो मऊ असतो, छिन्नीला सहज वश होतो. मग हवेत राहून कठीण होतो. पण शतकानुशतकांच्या पावसापुढे त्याचेही काही चालत नाही, कोरलेली अक्षरे पुसट होत जातात. काही थडग्यांवर मजकुरासाठी धातूचे पत्रे बसवले होते, त्यांवरची नावे मात्र आजही वाचता येतात.

यांतल्या बऱ्याच थडग्यांचे श्रेय ब्रायन घराण्याला, म्हणजे जोसेफ आणि त्याची मुले जॉन व ल्यूक यांना दिले जाते. जॉन 1787 साली वारला. त्याचे स्वतःचे थडगे आहे साधा पिरॅमिड.

थडग्यांमधून जाणाऱ्या वाटांवर यू वृक्ष आहेत, कातरून गोलसर आकार दिलेले. झाडे नव्याण्णवच, शंभरावे लावले की सैतान ते मारतो, अशी जुनी समजूत. प्रत्यक्षात ती शंभराहून जास्त आहेत. दरवर्षी सप्टेंबरच्या एका रविवारी गावातली मुले हातात हात घालून चर्चभोवती कडे करतात आणि गाणी म्हणतात. झाडांची छाटणीही साधारण याच हंगामात होते.