कष्टाची हालचाल आणि खेळाची हालचाल

अहिल्यानगर जिल्ह्यातील किशोरवयीन मुलामुलींच्या अंगाला हालचालच उरली नाही, असे सरसकट म्हणता येत नाही. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या या जिल्ह्यात अकोले तालुक्यातील मुले डोंगरवाटा तुडवत शाळा गाठतात, पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतील अनेक मुले दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघालेल्या आईवडिलांबरोबर फडावर जातात, आणि त्याच वेळी नगर शहरातील दहावीचा विद्यार्थी शाळा, शिकवणी व मोबाईल या तिन्ही ठिकाणी बसूनच असतो. त्यामुळे या जिल्ह्यात मुले किती हलतात एवढेच विचारून भागत नाही. ती कशासाठी आणि कोणाच्या इच्छेने हलतात, हेही विचारावे लागते, कारण मनाचे आरोग्य बहुतांशी त्यावर अवलंबून असते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार 5 ते 17 या वयोगटाला दररोज सरासरी 60 मिनिटे मध्यम ते तीव्र हालचाल, म्हणजे धाप लागेल व घाम येईल अशी हालचाल, आवश्यक आहे. याच संघटनेच्या पुढाकाराने 146 देशांतील 2016 पर्यंतच्या माहितीवरून काढलेल्या निष्कर्षानुसार 11 ते 17 वयाची सुमारे 81 टक्के मुले पुरेशी हालचाल करीत नाहीत. भारताचे प्रमाण जगाच्या तुलनेत थोडे बरे, सुमारे 74 टक्के निघाले. मात्र त्याचा अर्थ लावताना अभ्यासकांनी मुलांच्या बाबतीत क्रिकेटसारख्या खेळांकडे, तर मुलींच्या बाबतीत घरकामाकडे बोट दाखवले. म्हणजे पाणी भरणारी, भाकरी थापणारी, धुणे धुणारी मुलगी आकडेवारीत 'सक्रिय' ठरते.

ही गल्लत किती महागात पडते, हे 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणावरून कळते. फावल्या वेळात आपखुशीने केलेल्या हालचालीचा चांगल्या मानसिक आरोग्याशी संबंध त्यात आढळला, घरकामातील हालचालीचा तसा आढळला नाही, आणि कामाच्या ठिकाणच्या हालचालीचा संबंध तर उलट मानसिक त्रासाशी दिसला. फडावर कोपीत राहून धाकट्या भावंडाला सांभाळणारी, वाढे गोळा करणारी, मोळ्या उचलणारी मुलगी कोणत्याही खेळाडूइतकीच दमते. परंतु त्या दमण्यात तिची निवड नसते, बरोबरीच्या मुली नसतात आणि जिंकण्याहरण्याचा आनंदही नसतो. कष्ट आणि व्यायाम यांतील हा फरक स्नायूंना कळत नसला, तरी मनाला कळतो.

याचा अर्थ साध्या हालचालीला किंमत नाही असा मात्र नव्हे. इंग्लंडमध्ये 4,257 मुलांच्या हालचाली 12, 14 आणि 16 व्या वर्षी यंत्राने मोजून 18 व्या वर्षी त्यांच्या नैराश्याची लक्षणे तपासण्यात आली. त्या पाहणीत 12 व्या वर्षी बसून राहण्याचा वेळ रोज एका तासाने अधिक असेल, तर लक्षणांचा गुणांक सुमारे 11 टक्क्यांनी अधिक आढळला. हा सहसंबंध आहे, कार्यकारणभावाचा पुरावा नव्हे. तरीही दिवसभर बाकावर आणि नंतर शिकवणीत बसणाऱ्यांनी तो मनावर घ्यावा इतका तो स्पष्ट आहे.

व्यायामाने मन हलके का होते, याची कारणे एकाहून अधिक आहेत. किशोरवयात भावनांशी निगडित मेंदूचे भाग आधी परिपक्व होतात आणि आवर घालणारा कपाळामागचा भाग पंचविशीपर्यंत घडत राहतो. त्यामुळे राग, भीती, निराशा या वयात अंगावर येतात. नियमित व्यायामामुळे ताणाला शरीर देत असलेला प्रतिसाद आटोक्यात राहण्यास मदत होते, मेंदूतील पेशींच्या वाढीला पोषक असणाऱ्या प्रथिनाचे प्रमाण वाढते आणि झोप गाढ लागते. याखेरीज कालपर्यंत न जमलेली गोष्ट आज जमली, हा अनुभव मिळतो, आणि या वयात त्याची भूक सर्वांत मोठी असते.

नगरकडच्या तालमींना हे शास्त्राची भाषा न येताही ठाऊक होते. पहाटे फावड्याने हौद्यातील माती उकरायची, तेल, ताक, हळद घालून मुरवलेली ती लाल माती सारखी करायची, मग जोर-बैठका आणि शेवटी जोडीदाराशी लढत, असा हा क्रम असतो. त्यात पोरगा एकटा कधीच नसतो. वर वस्ताद असतो, समोर जोडीदार असतो, आणि पाठ मातीला लागली तरी उठून हात मिळवावाच लागतो. गावोगावच्या यात्रेतील हगाम्याची सुरुवात लहान पोरांच्या रेवड्यांवरील कुस्त्यांनी होते, ही प्रथा फार शहाणपणाची म्हटली पाहिजे, कारण चारचौघांत हरण्याची सवय तेथे मूठभर रेवड्यांच्या मोलात लागते. 2025 मध्ये महाराष्ट्र केसरी स्पर्धा नगरच्या वाडिया पार्कवर झाली आणि त्याच वर्षी श्रीगोंदा तालुक्यातील भाग्यश्री फंड महिला महाराष्ट्र केसरी ठरली. मात्र तालमीत पोहोचणाऱ्या मुली आजही मोजक्याच आहेत.

खेळ हा उपचाराला पर्याय नव्हे, हेही येथे सांगितले पाहिजे. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 13 ते 17 वयोगटातील 7.3 टक्के मुलांना मानसिक आजार आढळला होता. ज्या मुलाची झोप उडाली आहे, जेवण तुटले आहे किंवा जो जीव नकोसा झाल्याचे बोलतो, त्याला मैदानावर पिटाळण्यापेक्षा आधी डॉक्टरांकडे न्यावे. 'टेलिमानस'चा 14416 हा सरकारी दूरध्वनी क्रमांक त्यासाठी दिवसरात्र उपलब्ध आहे.

ज्यांच्यासाठी खेळ पुरेसा आहे, त्यांच्या वाटेतील अडथळा बहुधा अगदी साधा असतो. जामखेड तालुक्यातील चौंडी येथे जन्मलेल्या अहिल्यादेवींच्या नावाच्या योजनेतून ग्रामीण भागातील बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा पास मोफत मिळतो, आणि त्या पासमुळे असंख्य मुलींची शाळा टिकली आहे. परंतु शाळा सुटताच निघणारी गाडी चुकवून मैदानावर थांबणे मुलीला परवडत नाही, कारण पुढची गाडी अंधार पडल्यावर असते किंवा नसतेच. खो-खोचे खांब रोवलेले असतात, शिक्षक तयार असतात आणि संघ थांब्यावर उभा असतो. वेळापत्रक ठरवताना आगारप्रमुख आणि मुख्याध्यापक एकत्र बसले आणि त्या मार्गावरील एक फेरी तासभर पुढे सरकवता आली, तर तो तास मुलींच्या हाती लागेल.