आर्यभटाचं तिकीट आणि खोटा शिक्का

परवा एका मित्राने विकत घेण्याआधी एक जुनं पाकीट दाखवायला आणलं. त्यावर 'आर्यभट' उपग्रहाचं २५ पैशांचं तिकीट. उपग्रह १९ एप्रिल १९७५ ला सुटला आणि दुसऱ्याच दिवशी टपाल खात्याने हे तिकीट काढलं. फार देखणं आहे!

शिक्क्यात तारीख १९७५ ची, गाव मात्र 'धाराशिव'. तेव्हा तर उस्मानाबाद होतं, नाव बदललं २०२३ मध्ये. म्हणजे तिकीट खरं, शिक्का खोटा.

अंतराळाशी निगडित पाकीट घेताना भिंगातून शिक्का बघाच. शाईची रेघ तिकिटावरून पाकिटावर सलग उतरली पाहिजे. दातेरी कडेशी ती तुटली, तर तिकीट मागाहून चिकटवलेलं असू शकतं. राकेश शर्मांच्या १९८४ च्या उड्डाणाच्या पाकिटांनाही हेच लागू. त्यावर सही असेल तर आणखी सावध राहा. छापील सहीत बहुधा बारीक ठिपके दिसतात, पेनाची रेघ अखंड असते.

दोन रुपयांच्या जुन्या नोटेवरही आर्यभट आहे. 'लाखात विकली जाते' ही निव्वळ थाप. पण मुलांच्या संग्रहाची सुरुवात करायला माझ्या मते तीच उत्तम.

तुमच्याकडे असं काही आहे का? दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो कमेंटमध्ये टाका, मिळून तपासू.