दोन रोपांमधले अंतर

कार्तिक-मार्गशीर्षात लातूर किंवा बीडकडच्या एखाद्या रस्त्याने गेलात, तर दोन्ही बाजूंना पिवळ्या फुलांनी आणि हिरव्या शेंगांनी लगडलेली तुरीची शेते दिसतात. समजा, एकाच बांधाच्या दोन अंगांना दोघा भावांची शेते आहेत. जमीन एक, वाण एक, पेरणीही एकाच आठवड्यातली. थोरल्याच्या शेतात झाडे खेटून उभी आहेत. प्रत्येक झाड सडपातळ आणि त्याला शेंगा थोड्या, त्याही शेंड्याकडे. धाकट्याच्या शेतात दोन ओळींमधून बैलजोडी सहज जावी एवढी वाट आहे आणि एकेक झाड छत्रीसारखे पसरले आहे.

दाण्यांची रास कोणाची मोठी होईल? आणि सगळा खर्च वजा जाता पैसा कोणाच्या हाती जास्त उरेल? विद्यार्थिमित्रांनो, हे दोन प्रश्न एकच वाटतात, पण तसे ते नाहीत. दोन्हींची उत्तरे शोधायला थोडे वनस्पतिशास्त्र आणि थोडे अंकगणित पुरेसे आहे.

आधी रोपे मोजू

एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. दोन ओळींत ९० सेंटिमीटर आणि ओळीतील दोन रोपांत २० सेंटिमीटर अंतर ठेवले, तर एका रोपाच्या वाट्याला ०.९ × ०.२ म्हणजे ०.१८ चौरस मीटर जागा येते. १०,००० ला ०.१८ ने भागले की हेक्टरी सुमारे ५५,५५५ रोपे मिळतात. रोपांतील अंतर ६० सेंटिमीटर केले तर हीच संख्या १८,५१८ वर येते.

आता उत्पादनाचे सूत्र पाहा. हेक्टरी रोपे, दर रोपावरील शेंगा, दर शेंगेतील दाणे आणि दर दाण्याचे वजन या चारांचा गुणाकार म्हणजे हेक्टरी उत्पादन. तुरीच्या शेंगेत साधारण तीन-चार दाणे असतात आणि शंभर दाण्यांचे वजन १० ग्रॅमच्या आसपास भरते. शेंगेत तीन दाणे धरले आणि दर रोपावर ८० शेंगा धरल्या, तर एका रोपापासून २४ ग्रॅम व ५५,५५५ रोपांपासून सुमारे १,३३३ किलो तूर मिळेल. १८,५१८ रोपांकडून तेवढीच तूर हवी असेल, तर प्रत्येक रोपाला २४० शेंगा लागल्या पाहिजेत.

म्हणजे धाकट्याचे डौलदार झाड पाहून भुलून चालणार नाही. ते शेजारच्या झाडाच्या दुप्पट शेंगांनी लगडलेले असले, तरी तो तोट्यातच आहे. त्याला तिपटीहून अधिक शेंगा हव्यात. शेताचे मोजमाप झाडावरून नव्हे, क्षेत्रावरून करायचे असते.

मोकळी जागा झाड कशी वापरते?

तुरीची झाडे एकमेकांशी मुख्यतः दोन गोष्टींसाठी स्पर्धा करतात, प्रकाश आणि पाणी. नत्रासाठीची ओढाताण त्या मानाने कमी असते. शेंगवर्गीय झाडांच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतील नत्र झाडाला उपलब्ध करून देतात, ही गोष्ट हेलरीगल आणि विल्फार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनी १८८६ ते १८८८ च्या सुमारास प्रयोगांनी दाखवून दिली.

रोपे दाटीने वाढली की खालच्या पानांवर सावली पडते. ती पाने अन्न तयार करीत नाहीत आणि लवकर गळतात. खोडावरच्या बगलेतील कळ्या फांद्यांत न फुटता झोपून राहतात. तूर फुले मात्र अमाप धरते आणि त्यांतील बहुतेक गळून जातात. किती फुलांच्या शेंगा होतील हे बऱ्याच अंशी पानांनी केलेल्या अन्नावर ठरते. म्हणूनच दाटीतल्या झाडाला शेंगा कमी.

जागा मिळाली की तेच झाड बगलेतून फांद्या फोडते आणि रिकामी जागा भरून काढते. पण ही भरपाई करण्याची ताकद अमर्याद नसते. खोल काळ्या जमिनीत ओल टिकते, सोटमूळ खोल जाते आणि झाड २४० काय, त्याहूनही अधिक शेंगा पेलू शकते. उथळ, मुरमाड जमिनीत कितीही जागा दिली तरी झाड लहानच राहते आणि मधली जमीन फुकट जाते. म्हणून भारी जमिनीत अंतर जास्त आणि हलक्या जमिनीत त्या मानाने कमी, असा साधारण नियम पाळतात.

यात पेरणीची वेळही येते. बहुतेक पारंपरिक तुरी दिवस लहान होऊ लागले की फुलावर येतात. जूनमध्ये पेरलेल्या तुरीला फुलण्यापूर्वी वाढायला बरेच महिने मिळतात. तोच वाण सप्टेंबरमध्ये पेरला तर झाड गुडघा-कमरेएवढे असतानाच फुलते. म्हणून उशिराची तूर दाट पेरावी लागते. योग्य अंतर हा वाणाचा कायमचा गुण नव्हे. जमीन, ओल आणि तारीख बदलली की तेही बदलते.

बी जमिनीत कसे पडते?

अंतर ठरवणे सोपे, पण ते शेतात उतरवणे अवघड. बी हाताने फोकून दिले तर काही दाणे वर राहून पाखरांच्या तोंडी पडतात, काही फार खोल जातात आणि ओळी नसल्याने कोळपे चालत नाही. तुरीची वाढ पहिले दोन महिने संथ असते. त्या काळात तण माजले की पीक मागे पडते ते कायमचे.

पाभर किंवा तिफणीने ओळीत पेरणी केली की हा दोष जातो. बी ओल्या थरात सारख्या खोलीवर पडते. पण ओळीतले अंतर चाड्यावर मूठ धरणाऱ्याच्या हाताच्या सफाईवर अवलंबून राहते. एका ठिकाणी पाच रोपांचा झुबका आणि पुढे हातभर खांड, असे झाले तर सरासरी रोपे बरोबर भरूनही दाटीचा आणि विरळपणाचा असे दोन्ही तोटे पदरी पडतात. हेक्टरी ५५,५५५ दाण्यांचे वजन साडेपाच किलोच होते. पाभरीने मात्र १२ ते १५ किलो बी पेरतात. जादा बियाणे म्हणजे न उगवणाऱ्या दाण्यांसाठी भरलेला विमाच होय. त्यातून जास्त रोपे उगवली तर विरळणी करावी लागते. ती टाळली की थोरल्याच्या शेतासारखी गर्दी होते.

टोकण पद्धतीत दोरीवर खुणा करून ठरल्या जागी एक-दोन दाणे टोचतात. बियाणे निम्म्याहून कमी लागते आणि अंतर नेमके राहते. मात्र माणसे अधिक लागतात. हाताने ढकलायचे टोकणयंत्र किंवा ट्रॅक्टरचे यंत्र वापरून ही मजुरी कमी करता येते.

चौथी पद्धत रोपे लावण्याची. मे महिन्यात लहान पिशव्यांत बी लावून रोपे वाढवतात आणि पहिला चांगला पाऊस झाला की ती शेतात लावतात. पाऊस लांबला तरी झाडाचे वय पुढे जात राहते, त्यामुळे फुलण्यापूर्वी ते मोठे होते. कर्नाटकातील बिदर-कलबुर्गी भागात ही पद्धत शेतकऱ्यांनी वापरली आहे. पिशव्या, माती, पाणी आणि लावणीची मजुरी हा खर्च मात्र पावसाचा अंदाज येण्याआधीच करावा लागतो.

यांपैकी काहीही निवडले तरी काळ्या जमिनीत एक काळजी घ्यावी लागते. ही माती पाण्याने फुगते आणि पाणी चटकन मुरू देत नाही. मुळांना आणि गाठींतील जिवाणूंना हवा लागते. पाणी साचले की रोपे पिवळी पडतात, मरतातही. यावर उपाय म्हणून हैदराबादजवळ पाटणचेरू येथील आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने, म्हणजे इक्रिसॅटने, १९७० च्या दशकात रुंद वरंबा-सरीची पद्धत विकसित केली. पीक वरंब्यावर उभे राहते, जास्तीचे पाणी सरीतून निघून जाते आणि पाऊस थोडा असेल तेव्हा तीच सरी पाणी मुरवते.

रास आणि नफा

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. पुढील आकडे कोणत्याही प्रयोगातले नाहीत. हिशेब समजावा म्हणून घेतलेले आहेत. समजा, एका हेक्टरात पाभरीने १० क्विंटल तूर होते आणि सारा खर्च २५,००० रुपये येतो. टोकणीने साडेअकरा क्विंटल होते आणि खर्च २९,००० येतो. रोप लावणीने १४ क्विंटल होते आणि खर्च ५२,००० येतो. तुरीची २०२५-२६ च्या हंगामाची आधारभूत किंमत क्विंटलला ८,००० रुपये होती; तोच भाव धरू.

पाभर: ८०,००० वजा २५,०००, नफा ५५,००० रुपये.
टोकण: ९२,००० वजा २९,०००, नफा ६३,००० रुपये.
रोप लावण: १,१२,००० वजा ५२,०००, नफा ६०,००० रुपये.

रास रोप लावणीची मोठी, पण नफा टोकणीचा मोठा! भाव १०,००० झाला तर नफा अनुक्रमे ७५,०००, ८६,००० आणि ८८,००० होतो, म्हणजे रोप लावण पहिली येते. भाव ६,००० वर उतरला तर हेच आकडे ३५,०००, ४०,००० आणि ३२,००० होतात आणि रोप लावण पाभरीच्याही मागे पडते. शेवटी, भाव ८,००० च राहिला पण पावसाने दगा दिला आणि तिन्ही पिके निम्म्यावर आली असे धरा. खर्च तर होऊन गेलेला आहे. तेव्हा हाती उरतात १५,०००, १७,००० आणि ४,००० रुपये.

हा शेवटचा आकडा पुन्हा वाचा. सर्वांत जास्त पिकवणारी पद्धत वाईट वर्षी सर्वांत कमी पैसे देते. आणि भावाची चढउतार काल्पनिक नाही. २०१५ मध्ये तूरडाळ किलोला २०० रुपयांच्या आसपास गेली होती. पुढच्याच २०१६-१७ च्या हंगामात भरघोस पीक आले आणि अनेक बाजारांत तूर ५,०५० रुपये या आधारभूत किमतीच्याही खाली विकली गेली. म्हणून ज्याच्याकडे विहिरीचे पाणी आणि गाठीला थोडा पैसा आहे त्याने रोपे लावणे शहाणपणाचे ठरेल. पण उसनवारी करून कोरडवाहू शेती करणाऱ्याने ती टाळली तर त्याला मागासलेला म्हणणे चूक होय. त्याने नकळत हाच हिशेब केलेला असतो.

रुंद ओळींचा आणखी एक उपयोग आहे. तूर संथ वाढते त्या दोन महिन्यांत मधली जागा रिकामी असते. तेथे सोयाबीन किंवा मूग, उडीद यांचे आंतरपीक घेतले तर ते तूर पसरण्याच्या सुमारास निघून जाते. जमीन तीच, पण पिके दोन. आणि एक बुडाले तरी दुसरे हात देते. तेव्हा धाकट्या भावाच्या त्या मोकळ्या वाटेत श्रावणात मूग उभा होता की नव्हता, हेही विचारायला हवे.

शाळेत करून पाहा

हरभऱ्यावर हा प्रयोग शाळेच्या बागेत करता येतो. ऑक्टोबरच्या शेवटी ३ मीटर लांब व १.८ मीटर रुंद असे नऊ सारखे वाफे करा. तीन वाफ्यांत ३० × १० सेंटिमीटर, तीन वाफ्यांत ३० × २० आणि तीन वाफ्यांत ४५ × २० सेंटिमीटर अंतरावर बी टोका. कोणत्या वाफ्यात कोणते अंतर, हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. म्हणजे चांगली माती एकाच पद्धतीच्या वाट्याला जाणार नाही. पाणी आणि खुरपणी सर्वांना सारखी द्या. काढणीच्या वेळी कडेच्या ओळी व ओळींच्या टोकांची रोपे सोडून द्या, कारण त्यांना बाहेरचा प्रकाश जास्त मिळालेला असतो. दर रोपाचे घाटे आणि दाण्यांचे दर चौरस मीटरचे वजन मोजा. बियाण्याचा खर्च आणि लावणीला लागलेला वेळही वहीत लिहा.

बहुधा असे आढळेल, की सर्वांत जास्त घाटे असलेले झाड एका वाफ्यात आहे आणि सर्वांत जास्त दाणे दुसऱ्याच वाफ्यात. तसे झाले नाही तर आपल्या मातीत तसे का झाले, याचा शोध घ्या. त्या दोघा भावांच्या बांधावर उभे राहून उत्तर देण्यापूर्वी विचारायचे प्रश्न मग तुम्हालाच सुचतील: जमीन किती खोल आहे, पेरणी कधी झाली, मधल्या जागेत काय होते आणि खर्च किती आला?